भावाचा एमआरआय नॉर्मल आला, म्हणजे गांजाने मेंदूला काहीच झालं नाही असं समजायचं का?

साखळीचा_दादा

नमस्कार मंडळी. वाचनमात्र म्हणून बरीच वर्षं इथे आहे, लिहितोय पहिल्यांदाच, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा. अकरावीत असताना गांजा सुरू झाला, आधी फक्त शनिवार-रविवार, मग सीझनला मोरजीकडे शॅकवर कामाला लागला तेव्हापासून रोज, आणि आता गेली तीन वर्षं सकाळचा चहा घ्यायच्या आधी पहिली लागते. स्कूटरच्या डिकीत रेनकोटच्या खाली पत्र्याची एक डबी असते. डबी संपत आली की आदल्या दिवसापासूनच घरात त्याचा आवाज चढतो, आई तर आता डबी न बघता नुसत्या आवाजावरून सांगते की आज संपणार.

गेल्या वर्षी त्याला एका सेंटरमध्ये २१ दिवस ठेवला होता, नाव लिहीत नाही. तिथल्या माणसाने आईसमोर आणि त्याच्यासमोर सांगितलं की गांजाने मेंदू सुकतो आणि सुकलेला मेंदू परत येत नाही. झालं, घरी आल्यावर हा म्हणायला लागला, परत येतच नाही तर सोडून तरी काय उपयोग. आणि आता जुलैत डोकं सारखं दुखायला लागलं म्हणून डॉक्टरनी एमआरआय काढायला लावला तर रिपोर्ट एकदम नॉर्मल, दुखणं चष्म्याच्या नंबरचं निघालं. त्या रिपोर्टचा फोटो याने मोबाईलमध्ये जपून ठेवलाय. चवथीला मामा समजवायला गेले, त्यांनी व्हॉट्सॅपवरचा तो भोकं पडलेल्या मेंदूचा व्हिडिओ आणला होता, तर याने माटोळीखाली बसल्या बसल्या रिपोर्ट उघडून त्यांच्यासमोर धरला, "दाखवा, कुठे आहेत भोकं?" मामा गप्प, आम्ही सगळेच गप्प.

मला खरंच समजून घ्यायचंय. नॉर्मल म्हणजे नॉर्मल का? व्यसन लागलेल्याचा मेंदू वेगळा असतो म्हणतात ते काय? आणि मी त्याच्याशी आता बोलू काय?

अबोलीची_फाती

वाचतेय. आमच्याकडेही मुलगा आहे, १९ चा. डबीचं वाचून पोटात गलबललं. जाणकारांनी नीट लिहा हो.

चुंबकवाला

दादा, मी रेडिओलॉजीत टेक्निशियन आहे, मशीन चालवतो, रिपोर्ट डॉक्टर देतात, पण रोज बघून बघून काय शोधतात ते माहीत आहे. डोकेदुखीच्या पेशंटचा एमआरआय वाचताना प्रश्न ठरलेले असतात, गाठ आहे का, रक्तस्राव आहे का, स्ट्रोक आहे का, पाणी साचलंय का, सूज आहे का. यातलं काही नाही म्हणून नॉर्मल. त्या रिपोर्टात "गांजाचा परिणाम नाही" असं कुठेच लिहिलेलं नसणार, काढून बघा. तो प्रश्नच कुणी मशीनला विचारला नव्हता.

अभ्यासात करतात ते वेगळं. मशीन तेच, पण पूर्ण डोक्याचे साधारण एकेक मिलिमीटरचे पातळ काप घेतात, मग सॉफ्टवेअर एकेका भागाची कड आखून त्याचं आकारमान काढतं, माणसाच्या डोक्याच्या एकूण आकाराचा हिशोब लावतं, आणि मग ओढणाऱ्यांचा एक गट न ओढणाऱ्यांचा एक गट अशी सरासरी लावून बघतात. ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त बोललं जातं तो हिप्पोकॅम्पस, आठवणी पक्क्या करणारा भाग, डाव्या-उजव्या बाजूला एकेक, प्रत्येकी जेमतेम तीन-साडेतीन घनसेंटिमीटर, चहाच्या चमच्यात मावेल एवढा. त्यात दहा-बारा टक्के फरक म्हणजे अर्धा घनसेंटिमीटरसुद्धा नाही. डोळ्याने फिल्म बघून तो कुणालाही दिसणार नाही, आणि दोन एकदम निरोगी माणसांत त्याहून मोठा फरक सहज असतो. एकट्या माणसाचा स्कॅन बघून हा ओढतो की नाही हे सांगता येत नाही, ना मामांच्या बाजूने ना भावाच्या.

आणि तो भोकांचा व्हिडिओ. ती चित्रं बहुतेक वेळा स्पेक्ट नावाच्या तपासणीची असतात, एमआरआयची नाहीत. शिरेतून किरणोत्सारी औषध देऊन कुठे रक्त किती जातंय ते बघतात आणि रंगाची एक पातळी ठरवतात, त्या पातळीच्या खाली आलेला भाग कॉम्प्युटर काळा दाखवतो. चित्रात भोक दिसतं तिथे मेंदू असतो. मामांना राग येईल पण हे सांगाच, कारण मुलाला कळलं की एक गोष्ट खोटी होती की तो बाकीच्या खऱ्या गोष्टीही ऐकत नाही.

रानमाणूस_सत्तरी

मी जरा उलट बोलतो, राग मानू नका. शिवरात्रीला भांग आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यातसुद्धा (एनडीपीएस) नुसती पानं आणि बिया गांज्याच्या व्याख्येत धरलेली नाहीत. माझे आजोबा चिलीम ओढायचे आणि ८० व्या वर्षी कुळागरात माडाला पाणी घालायचे. या गोव्यात दारूने किती घरं बसली ते प्रत्येक वाड्यावर दिसतं, त्यावर कुणी मेंदूचे फोटो फॉरवर्ड करत नाही. मला गांजाची वकिली करायची नाही, पण मुलाला दिवसरात्र "मेंदू गेला" ऐकवणं हासुद्धा मारच आहे.

मांडवीकाठ

रानमाणूस यांचा शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आणि दारूचा मुद्दा तर या विषयाच्या गाभ्यालाच लागतो, म्हणून सविस्तर लिहिते. मानसशास्त्रात एमए केलंय, व्यसनाच्या क्षेत्रात सात वर्षं काम करतेय.

आधी हे की गांजा मेंदूवर चालतो कसा. आपल्या मेंदूत सीबी-१ नावाचे रिसेप्टर असतात, म्हणजे कुलुपं समजा, आणि शरीर स्वतःच त्यांच्या किल्ल्या बनवतं. त्यातली पहिली किल्ली १९९२ मध्ये इस्राएलमध्ये रफाएल मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत सापडली आणि तिचं नाव ठेवलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत आनंदावरून. गांज्यातलं नशा आणणारं द्रव्य, टीएचसी, हे त्याच कुलपात शिरतं, पण जास्त जोराने आणि जास्त वेळ. ही कुलुपं दाट कुठे आहेत, तर हिप्पोकॅम्पसमध्ये, भीती-राग हाताळणाऱ्या अमिग्डालात, कपाळामागच्या भागात, हालचालीच्या केंद्रांत. म्हणून शास्त्रज्ञ आधी तिथेच बघायला गेले.

२००८ मध्ये मेलबर्नच्या गटाने १५ पुरुष घेतले, रोज पाचाहून जास्त जॉइंट, दहा वर्षांहून जास्त काळ, सरासरी तर जवळपास वीस वर्षं. न ओढणाऱ्या १६ जणांशी तुलना केली तर हिप्पोकॅम्पस १२ टक्के आणि अमिग्डाला ७ टक्के लहान. जगभर बातम्या झाल्या. पण १५ माणसं, आणि तीही टोकाची.

मग २०१५ मध्ये अमेरिकेत एक काम झालं, रोज ओढणारे २९ मोठे आणि ५० किशोरवयीन, आणि त्यांच्यासमोर तितकेच न ओढणारे, पण दोन्ही बाजूंची दारू सारखी जुळवून. फरक नाहीसा झाला. म्हणजे आधी जो फरक गांज्याच्या खात्यात टाकला जात होता त्यातला बराचसा दारूचा असू शकतो. दादा, म्हणून विचारते, भाऊ पितो का? आणि सिगारेट मोकळी करून तंबाखूत मिसळून ओढतो का? आपल्याकडे बहुतेक तसंच करतात आणि मग दोन व्यसनं एका कागदात गुंडाळलेली असतात. सकाळी चहाआधी जी ओढ लागते त्यात निकोटिनचा वाटा किती आणि टीएचसीचा किती, हे त्यालाही कळत नसेल.

आता तुमचा खरा प्रश्न, व्यसनाचा. ओढणं आणि व्यसन लागणं या दोन गोष्टी आहेत. ओढून बघणाऱ्यांपैकी साधारण ९ टक्क्यांना व्यसन लागतं असा जुना अमेरिकन अंदाज आहे, किशोरवयात सुरू करणाऱ्यांत तो १७ टक्क्यांच्या आसपास जातो. बरीच वर्षं अभ्यासांत सगळ्यांची एकच मोट बांधली जायची. नंतर मेलबर्नच्याच संशोधकांनी ओढणाऱ्यांचे दोन भाग केले, व्यसन असलेले आणि नियमित ओढूनही व्यसन नसलेले, आणि २०१७ मध्ये आलेल्या कामात हिप्पोकॅम्पस लहान दिसला तो व्यसन असलेल्यांत, दुसऱ्यांत नाही. गट लहानच आहेत, पण मला ही दिशा महत्त्वाची वाटते, कारण माझ्यासमोर बसणाऱ्या मुलांतही मी तेच बघते. किती ग्रॅम यापेक्षा हातातून सुटलंय का हे जास्त सांगून जातं. तुमच्या आईने आवाजावरून ओळखलं ना, ती कुठल्याही स्कॅनपेक्षा चांगली तपासणी आहे.

अजून एक, वयाचं. १४ व्या वर्षी अजिबात न ओढलेली ७९९ युरोपियन मुलं १९ वर्षांची होईपर्यंत बघितली, २०२१ मध्ये छापलंय. ज्यांनी मधल्या काळात गांजा ओढला त्यांच्यात मेंदूचा कपाळामागचा बाहेरचा थर जास्त पातळ होत गेला, जितका जास्त ओढला तितका जास्त, आणि जिथे सीबी-१ कुलुपं दाट तिथेच. या वयात थर पातळ होणं ही वाढीचीच खूण आहे, काटछाट चाललेली असते, पण इथे ती वेगाने झाली. अकरावीत सुरुवात झाली म्हणून हे लिहिलं, घाबरवायला नाही.

साखळीचा_दादा

मॅडम, पितो. सीझनला शॅक बंद झाल्यावर रोज बिअर, गावात आला की फेणी. आणि हो, सिगारेट मोकळी करूनच भरतो, अंगणात तुळशीमागे रिकामे कागद सापडतात. हे दारूचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, त्याचं पिणं आम्ही मोजतच नव्हतो, कारण घरात वडीलही प्यायचे.

रानमाणूस_सत्तरी

मॅडम, आजोबांच्या चिलमीचं काय मग?

मांडवीकाठ

काका, तो माल आणि आजचा माल एक नाही. अमेरिकेत पोलिसांनी पकडलेल्या नमुन्यांत टीएचसी १९९५ ला ४ टक्के होतं ते २०१४ ला १२ वर गेलं, आणि टीएचसीला थोडा लगाम घालणारं सीबीडी त्याच काळात घटलं. मोरजी-हणजूणला पोरांच्या हातात काय येतं ते कुणीच मोजून देत नाही. शिवाय आजोबांनी चिलीम कितव्या वर्षी धरली, दिवसातून किती वेळा, न मिळाली तर काय व्हायचं, हे प्रश्न आहेतच. कदाचित त्यांना व्यसन नसेलही. बहुतेकांना नसतं, हे मी वर लिहिलंच आहे.

पुन्हा_जागा

दादा, हे तुमच्या भावाला वाचायला द्या. मी ११ वर्षं ओढली, ३१ व्या वर्षी सोडली, आता तीन वर्षं झाली. माझ्याही गिटारच्या कव्हरात डबी होती.

मेंदूचं मला एवढंच माहीत की दुकानात नारळ आणायला पाठवलं तर मी दुकानापुढे उभा राहून आईला फोन करायचो, काय सांगितलं होतंस. कॉलेजला पाठांतरात पहिला असायचो मी. सोडल्यावर पहिल्या रात्री झोप नाही, तिसऱ्या दिवशी घामाने उशी भिजली, जेवण माती लागायचं, बहिणीवर उगाच ओरडलो. आणि स्वप्नं! ओढत होतो तेव्हा वर्षानुवर्षं स्वप्न पडल्याचं आठवत नाही, आणि आता एका रात्रीत चार चार, एवढी खरी की उठून घरभर फिरून बघायचो. मला वाटलं वेड लागतंय. बांबोळीला आयपीएचबीच्या, म्हणजे सरकारी मनोरुग्णालयाच्या ओपीडीत गेलो तर डॉक्टरनी सांगितलं, हे विड्रॉवल आहे, सोडल्यावर होणारा त्रास, पहिला आठवडा जड असतो, दोनेक आठवड्यांत बरंच उतरतं, झोपेला जरा जास्त वेळ लागतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्याआधीच्या दोन वेळा मी पाचव्या दिवशी परत ओढली नसती.

मेंदू परत येत नाही असं ज्याने सांगितलं त्याने फार वाईट केलं. मांडवीकाठ, ते रिसेप्टरचं लिहा ना, मला तेव्हा डॉक्टरनी कागदावर काढून दाखवलं होतं.

मांडवीकाठ

लिहिते. रोज ओढणाऱ्यांच्या मेंदूत सीबी-१ कुलुपं कमी होतात, टीएचसीचा मारा सतत असला की मेंदू काही कुलुपं आत ओढून घेतो. म्हणून तेवढ्याने भागत नाही, डोस वाढतो, आणि बंद केल्यावर स्वतःचं आनंदामाइडही पुरं पडत नाही, मग चिडचिड आणि झोप उडणं. २०१२ मध्ये पेट स्कॅनने रोज ओढणाऱ्या ३० जणांत हे मोजलं, मेंदूच्या बाहेरच्या थरात कुलुपं साधारण २० टक्के कमी. त्यातल्या ज्यांनी सुमारे चार आठवडे देखरेखीखाली बंद ठेवलं त्यांच्यात ती बहुतेक ठिकाणी परत पातळीवर आली. चार आठवडे!

आणि हिप्पोकॅम्पसचं, ज्या गटाने २००८ मध्ये १२ टक्के सांगितले त्यांचंच २०१६ चं काम आहे. सोडून सरासरी २९ महिने झालेल्यांचा हिप्पोकॅम्पस न ओढणाऱ्यांसारखाच होता. यात एक गोम आहे, तीच माणसं आधी आणि नंतर मोजलेली नाहीत, त्यामुळे "भरून आला" असं ठामपणे म्हणता येत नाही. पण "सुकलेला परत येत नाही" याला मात्र काही आधार नाही.

अबोलीची_फाती

ओपीडीत नाव लिहिलं की पोलिसांना कळवतात का हो? हे विचारायला लाज वाटते पण आमचं घोडं तिथेच अडलंय.

मांडवीकाठ

ताई, लाज कसली. डॉक्टरकडे जाणं म्हणजे पोलिसात जाणं नाही. आणि एनडीपीएस कायद्यात ६४ए हे कलमच त्यासाठी आहे, कमी प्रमाणाच्या केसमध्ये व्यसन असलेला माणूस स्वतःहून मान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार झाला तर खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, आईनेही फोन केला तरी चालतो. एक विचारून ठेवते, मुलाला कुणी आपल्याबद्दल बोलतंय, पाळत ठेवतंय असं वाटतं का? कानात आवाज? घरात कुणाला तसा आजार? यातलं काही असेल तर थांबू नका, कारण रोजचा गांजा आणि सायकोसिस, म्हणजे असे भास-भ्रम होणारा आजार, यांचा संबंध आकारमानाच्या फरकांपेक्षा कितीतरी पक्का दिसलेला आहे.

अबोलीची_फाती

तसं काही नाही. नंबर लिहून घेतला. देव बरें करूं.

साखळीचा_दादा

दहा दिवसांनी लिहितोय. धागा त्याने वाचला. मी दिला नाही, माझा फोन चार्जिंगला होता आणि उघडा राहिला, रात्री दीडला मी पाण्याला उठलो तर सोप्यावर बसून वाचत होता. पुन्हा_जागा यांचं स्वप्नांचं वाचून म्हणाला, "दादा, सेंटरमध्ये मला तेच व्हायचं, मी कुणाला सांगितलं नाही." एवढंच. मग दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः शोधून काहीतरी काढलं, जुळ्या आणि सख्ख्या भावंडांचा अभ्यास, एक ओढतो एक ओढत नाही तरी दोघांचा अमिग्डाला सारखाच लहान. आता म्हणतो, म्हणजे हे माझ्यात जन्मापासूनच होतं, गांज्याने केलंच नाही. मला कळेना यावर काय बोलू. तो हे सुटायला म्हणतोय का खचून म्हणतोय तेही कळलं नाही.

मांडवीकाठ

तो अभ्यास खरा आहे, २०१५ चा, ४८३ जण होते. ओढणाऱ्यांचा डावा अमिग्डाला किंचित लहान होता, पण त्यांच्या न ओढणाऱ्या भावंडांचाही तेवढाच. म्हणजे फरक बहुधा घरातून आलेला, रक्तातून किंवा वाढण्यातून. पण त्यात "कधीतरी ओढलेले" सगळे धरलेत, रोज सकाळी ओढणारे नव्हेत, आणि जो लहान होता तोही सर्वसाधारण मर्यादेतच होता. तुमच्या भावाला सांगा, बरोबर वाचलंस. मग त्याला हेही वाचायला सांगा की त्या जोड्यांत एक भाऊ ओढत होता आणि एक नव्हता, मेंदू दोघांचा सारखाच असून. दादा, तुम्ही दोघेही तसेच आहात ना?

चुंबकवाला

यावर मीही दोन दिवस विचार करत होतो. माझ्या वडिलांना दारू होती, मला नाही, आणि माझ्या डोक्याचं माप त्यांच्यापेक्षा फार वेगळं निघणार नाही. खचून म्हणत असेल तर त्याला एकटा सोडू नका.

साखळीचा_दादा

मॅडम, तुमचं वाक्य मी त्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तू पण एकदा ओढली होतीस, मला माहीत आहे." ओढली होती, बारावीच्या सेंडऑफला, कधी कुणाला बोललो नव्हतो. त्याच्यासमोर कबूल केलं. मग पहिल्यांदा आम्ही नीट बोललो, दारू, तंबाखू, सगळं. तंबाखू एकदम नाही सुटणार म्हणाला, मी म्हटलं ते डॉक्टरना सांग, मला नको.

गुरुवारी बांबोळीला जातोय. मी म्हटलं सकाळच्या कदंबाने बरोबर जाऊ, तर म्हणाला तू बसने जा, मी स्कूटरने येतो. डिकीचं माझ्या मनात आलं पण विचारलं नाही. आठला मी केसपेपरच्या रांगेत उभा राहणार, तो आला की नंबर त्याच्या हातात देणार. आईने मेथीचे पराठे बांधून द्यायचं ठरवलंय, दोन डबे, एक त्याचा वेगळा.